तळाची दोन बोटं

आळेफाट्यावर कुंडलिकभाऊंच्या दुकानात शिंकायलाही बंदी होती. डिझेल इंजिनांचे पंप आणि नोझल दुरुस्त करण्याचं ते दुकान. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथून हाकेच्या अंतरावर. बाहेर धुळीचे लोट उठायचे, ट्रकवाले आरडाओरडा करायचे, आणि आत हा माणूस देवघरात बसल्यासारखा स्वच्छ ताटासमोर बसून एकेक सुटा भाग धूत असायचा. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची भोकं केसाएवढी बारीक. त्यात एखादा कण अडकला की ट्रक माळशेज घाटात धूर ओकत बसणार आणि ड्रायव्हर कुंडलिकभाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. म्हणून त्यांच्याकडे कापसाचा बोळा चालत नसे, कुणी केस विंचरत आत आलेलं चालत नसे, आणि शिंक आलीच तर रस्त्यावर जाऊन शिंकायचं.

हर्षाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून ती दुकानात हजर. आई, सरूबाई, करवादायची, "आधी हात धू, मग भाकरीला शिव. सगळ्या घरात डिझेलचा वास सुटलाय." हर्षाली हात धुवायची आणि वास तसाच राहायचा. बारा वर्षांची असताना तिला पंप उघडता येत होता. पण उघडणं ही काही मोठी गोष्ट नव्हे, असं कुंडलिकभाऊंचं मत. खरी गोष्ट डिझेल हाताळण्याची. ड्रम किंवा कॅन आला की तो एका जागी टेकवून ठेवायचा. रात्रभर निवळू द्यायचा. हलवायचा नाही, आडवा करायचा नाही, त्याच्याशेजारी जोरात बोलायचंसुद्धा नाही, असं आपलं ते म्हणायचे. मग वरून नळी घालून अलगद काढायचं, आणि तळाची दोन बोटं जागच्या जागी सोडून द्यायची.

"तळाची दोन बोटं आपली न्हाईत," कुंडलिकभाऊ म्हणायचे. "ती घाण हाय. घाणीला हात लावला की नोझल गेला."

हे वाक्य हर्षालीने इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिच्या कानात राहिलं नाही, हातात उतरलं. घरात ताक घेतानाही ती भांडं हलवत नसे, आणि मग ताकाऐवजी नुसतं निवळीचं पाणी वाटीत पडायचं. सरूबाई कपाळाला हात लावायची. आपल्या लेकीचं हे वेड एक दिवस तिला चांगलंच नडणार आहे, हे त्या माउलीला तेव्हा कुठून कळावं!

मुलगी अभ्यासात हुशार निघाली. जुन्नरला एसटीने जाऊन येऊन तिने रसायनशास्त्रात पदवी घेतली, पुण्यात एमएस्सी केली, आणि सन दोन हजारात एका प्रयोगशाळेत पीएचडीला लागली. चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. फाट्यावर बातमी पसरली की कुंडलिकभाऊंची पोरगी तेलावर शास्त्रज्ञ झाली. कसलं तेल म्हणून जो तो विचारी. कुणाला वाटलं शेंगदाण्याचं. शेवटी कुंडलिकभाऊंनीच एका रविवारी तिला समोर बसवलं.

"तू नक्की करते काय तिथं? लोकं इचारत्यात, मला सांगता येत न्हाई."

हर्षालीने सांगितलं ते असं. जमिनीतून जे कच्चं तेल निघतं त्यात एक काळा, जड भाग असतो. त्याला अस्फाल्टीन म्हणतात. तो एरवी तेलात नांदत असतो, दिसतसुद्धा नाही. पण त्या तेलात पातळ, हलकं तेल मिसळलं, किंवा वर येताना दाब उतरला, तर तो काळा भाग वेगळा होतो, खाली बसतो आणि पाइप तुंबतो.

"पातळ टाकल्यावर? पातळ टाकल्यावर तर मोकळं व्हाया पायजे."

"तिथंच सगळे फसत्यात, नाना. दाट झालं म्हणून पातळ घालायला जातात आणि डांबरासारखा गाळ हातात येतो. दुधात लिंबू पिळल्यावर नासतं ना, तसं."

"मंग तू काय करते? लिंबू पिळते?"

"पिळायच्या आधी सांगते, किती पिळलं की नासंल."

कुंडलिकभाऊंना हे लई आवडलं. पुढे महिनाभर ते प्रत्येक ट्रकवाल्याला सांगत होते की आमची पोरगी दूध नासायच्या आधी सांगते. त्यामुळे ती डेअरीत कामाला आहे अशी एक नवीन बातमी मंचरपर्यंत गेली. असो.

काम मात्र खरोखर तेच होतं. तेलातल्या प्रत्येक घटकाला एक अंक असतो, तो दुसऱ्यात किती सहज मिसळेल हे सांगणारा. दोन घटकांच्या अंकांत फार अंतर पडलं की त्यांचं एकत्र राहणं निसर्गाला महाग पडतं आणि ते फारकत घेतात. कोणत्या तापमानाला, किती दाबाला, किती हलकं तेल घातल्यावर ही फारकत होईल, हे ऊर्जेच्या समीकरणांतून काढायचं. हर्षालीने त्यासाठी संगणकाचा प्रोग्राम लिहिला होता. यंत्र एक उत्तर धरायचं, तपासायचं, टाकून द्यायचं, पुन्हा धरायचं, असं करत शेवटी एका आकड्यावर येऊन थांबायचं. पण या यंत्राला आधी खरी माहिती भरवावी लागते. तेलात अस्फाल्टीन मुळात किती आहे, आणि प्रत्यक्षात ते केव्हा वेगळं होतं, हे माणसाने हाताने मोजूनच सांगावं लागतं.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात एका तेल कंपनीने बारा कॅन पाठवले. एका जुन्या विहिरीचं जड तेल होतं ते. कंपनीच्या मनात असं की, नवीन विहिरीतून निघणारं हलकं तेल या जड तेलाच्या पाइपलाइनमध्ये सोडावं. अकरा किलोमीटरची लाइन. शंभरात तीस भाग हलकं तेल सोडलं तर चालेल का, एवढंच त्यांना हवं होतं. तुंबली तर अकरा किलोमीटर खणून काढायची पाळी. याच कामावर हर्षालीच्या प्रबंधाचे तीन धडे उभे राहणार होते.

कॅन आले आणि हर्षालीने ते फळीवर ओळीत टेकवले. चार दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मग झाकण उघडलं, नळी घातली आणि वरचं तेल अलगद काढलं. तळाची दोन बोटं सोडली. तिच्या हाताची सफाई बघायला शेजारच्या प्रयोगशाळेतली माणसं यायची. टेबलावर थेंब नाही, बोटाला डाग नाही. तिचे गाईड, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, ते पाहुण्यांना तिच्या टेबलाशी मुद्दाम घेऊन येत. "काच धुवायची कशी, हे या मुलीकडून शिका," असं सांगत. आणि खरं सांगायचं तर हर्षालीला त्याचा अभिमान होता. का नसावा? फाट्यावरच्या धुळीतून आलेली पोर ती.

मोजणी झाली. कंपनीने कळवलं होतं, या तेलात शंभरात पाच पूर्णांक आठ भाग अस्फाल्टीन आहे. हर्षालीला मिळाले दोन पूर्णांक नऊ. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा दोन पूर्णांक नऊ. वेगळा कॅन उघडला, त्यातही तेच.

सरांनी दोन्ही आकडे बघितले आणि चष्मा पुसत म्हणाले, "विहिरीवरची प्रयोगशाळा म्हणजे काय, पत्र्याची शेड असते. त्यांच्या नमुन्यात रेती-पाणी काय काय गेलं असेल. तुझा आकडा धर."

तिचा आकडा धरला. यंत्राने सांगितलं, शंभरात पंचेचाळीस भाग हलकं तेल घातलं तरी काही होणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आधीच बघितलं होतं आणि यंत्र त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. चाळीसपर्यंत एकही काळा ठिपका नाही. गणित आणि प्रयोग एकमेकांना असे जुळले की सरांनी पेढे वाटले. दोन हजार तीनच्या सप्टेंबरात अहवाल गेला. तीस भाग खुशाल सोडा, असं त्यात लिहिलं होतं. खाली सरांची सही आणि हर्षालीचं नाव. कंपनीने कळवलं, एक डिसेंबरला लाइन सुरू करतो.

दिवाळीला हर्षाली घरी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दुकानात जाऊन बसली, जुन्या सवयीने. तेवढ्यात आळ्याचे गेणभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. गेणभाऊ म्हणजे प्रत्येक गोष्टीवर दोन प्रश्न विचारल्याशिवाय ज्यांचा चहा उतरत नाही असा माणूस. त्यांच्या ट्रॅक्टरचा नोझल तिसऱ्यांदा बिघडला होता. कुंडलिकभाऊंनी त्यांना डिझेलचा कॅन आदल्या दिवशीच दुकानात आणून ठेवायला सांगितलं होतं. तो कॅन रात्रभर टेकवून ठेवलेला. हर्षालीने न सांगता उठून नळी घातली, वरचं डिझेल काढलं आणि तळाचं सोडलं.

"ते खालचं का ठिवलं गं पोरी?" गेणभाऊंनी विचारलं.

"ती घाण हाय," कुंडलिकभाऊंनी परस्पर उत्तर दिलं.

"घाण म्हंजी काय?"

"घाण म्हंजी घाण. त्यात काय इचारायचं?"

"न्हाई, पर त्यात काय काय असतंय? ते बी माझ्या डिझेलातलंच हाय ना? तेच माझा नोझल खातंय, आन तुमी त्येच बघत न्हाई. वरचं चांगलं हाय ते बघून काय उपेग, भाऊ? वरच्यानं कुटं नोझल बिघाडलाय!"

कुंडलिकभाऊ हसले. त्यांना गेणभाऊंच्या प्रश्नांची सवय होती. हर्षाली मात्र नळी हातात धरून तशीच उभी राहिली. नळीतून डिझेल ठिबकून तिच्या चपलेवर पडत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते पुसलं नाही.

घाण म्हणजे काय, हाच तर तिचा विषय होता. तीन वर्षं ती त्या घाणीवरच संशोधन करत होती. कच्च्या तेलातला सगळ्यांत जड भाग, सगळ्यांत आधी खाली बसणारा. विहिरीतून वर येताना दाब उतरल्यावर तो सुटायला लागलेलाच होता; कॅन चार दिवस टेकवून ठेवल्यावर तो कुठे गेला असेल? तळाच्या दोन बोटांत. आणि ती दोन बोटं तिने मोठ्या निगुतीने, एक थेंब न सांडता, उघडलेल्या प्रत्येक कॅनमध्ये सोडून दिली होती. जे मोजायचं तेच बाजूला ठेवून उरलेलं मोजलं होतं. मग यंत्र काय सांगणार? त्याला निवळ भरवली, त्याने निवळीचं उत्तर दिलं. प्रयोगही निवळीवरच केला, मग दोन्ही जुळले यात नवल कसलं. पत्र्याच्या शेडमधल्या त्या माणसाने कॅन चांगला हलवून घेतला असणार, आणि त्याचाच आकडा खरा होता.

तिला घाम फुटला. लाज वाटली, ती अशी तशी नाही, कानशिलं तापण्याइतकी. एक क्षणभर असंही वाटून गेलं की हे कुणालाच माहीत नाही. गेणभाऊंना तर मुळीच नाही. मार्चला शिष्यवृत्ती संपते आहे, धडे लिहून तयार आहेत. मग एक डिसेंबर आठवला आणि ती अकरा किलोमीटरची लाइन.

"नाना, मी दुपारच्या गाडीनं पुण्याला चालले."

"अगं, दिवाळी हाय. आईनं सांज्याच्या पोळ्या केल्यात."

"बांधून द्यायला सांगा."

सरांच्या घरी ती पोचली तेव्हा ते अंगणात कंदील उतरवत होते. तिने पायरीवरच सगळं सांगितलं. सर खाली बसले. माणूस वाईट नव्हता, पण अहवालावर त्यांची सही होती आणि पंचवीस वर्षांचं नाव त्या सहीत होतं.

"तुला खात्री आहे का?" त्यांनी विचारलं.

"मोजल्याशिवाय खात्री कशी होणार?"

"मग आधी मोज. एक कॅन सीलबंद आहे ना अजून? मोज, बघू. खरंच चूक निघाली तर कळवू त्यांना."

"नाही सर. आधी कळवा, मग मी मोजते. मोजायला तीन आठवडे लागतील आणि त्यांचं काम आत्तापासून सुरू झालंय."

"आणि तू चुकलीच नसशील तर? चूक झाली असं वाटणं हीच चूक असेल तर? हसं होईल आपलं."

"मग मी दुसऱ्यांदा चुकेन," हर्षाली म्हणाली. "पण लाइन तुंबणार नाही."

सरांनी तिच्याकडे रोखून बघितलं. त्यांना राग आला होता, आणि तो लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मग आत जाऊन त्यांनी फोन लावला. कंपनीच्या साहेबाचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. अहवाल मागे घेतो म्हणजे काय? सप्टेंबरात झोपला होता का? सरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी पंचवीस नोव्हेंबरपर्यंतची मुदत मिळाली.

एक कॅन, पाच लिटर तेल, आणि चार आठवडे. मुदतीच्या आत दुसरा नमुना मिळणार नव्हता. हर्षालीने तो कॅन गरम पाण्याच्या टाकीत ठेवला आणि तेल साठ अंशांपर्यंत तापू दिलं. मग तो बाहेर काढून, कॅन गरागरा फिरवणाऱ्या रोलरवर आडवा टाकला. आडवा! तिचा हात थबकला तो तिथे. बारा वर्षांची असल्यापासून जी गोष्ट पाप म्हणून शिकली होती तीच आता करायची होती. रोलर सुरू झाला, कॅन गडगडायला लागला, आत तेल डुचमळल्याचा आवाज आला. ती बाहेर जाऊन उभी राहिली. दोन मिनिटांनी परत आली आणि रोलरचा वेग वाढवला.

पूर्ण एक दिवस कॅन फिरवला. मग वरून, मधून आणि अगदी तळातून तीन नमुने काढले आणि तिन्ही मोजले. तिन्हींत पाच पूर्णांक आठच्या आसपास. तेल सगळीकडे सारखं झालं होतं. चूक झाली होती हे आता पक्कं झालं, आणि कुठे झाली तेही.

यावेळी तिने एक गोष्ट उलटी केली. आधी प्रयोग करून मग यंत्राला त्याच्याशी जुळवायचं, हे सोडलं. गेल्या खेपेला दोन्ही जुळले म्हणूनच ती फसली होती. तिने नवीन आकडा यंत्राला दिला, उत्तर येऊ दिलं, ते कागदावर लिहिलं, तारीख घातली आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. बावीस. शंभरात बावीस भाग हलकं तेल पडलं की काळा भाग वेगळा व्हायला लागेल.

"आणि प्रयोगात पस्तीस आले तर?" सरांनी विचारलं.

"तर माझं समीकरण खोटं. तेही लिहीन."

मग ती सूक्ष्मदर्शकाला बसली. हलकं तेल दोन-दोन भागांनी वाढवत न्यायचं, प्रत्येक वेळी थांबायचं, काचपट्टीवर थेंब घेऊन बघायचं. दहाला स्वच्छ. सोळाला स्वच्छ. वीसला स्वच्छ. बावीसला तिला एक ठिपका दिसल्यासारखं वाटलं, पण वाटण्यावर तिचा आता विश्वास राहिला नव्हता. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या दोघांना बोलावलं, त्यांना काही न सांगता बघायला लावलं. एक म्हणाला आहे, दुसरा म्हणाला नाही. चोवीसला मात्र कुणाला विचारायची गरज उरली नाही. काचपट्टीभर काळी रांगोळी विखुरली होती. तिने सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून केलं, वेगळ्या तापमानाला केलं, मग आणखी वेगळ्या. अठरा वेळा केलं. हाताला काळे डाग पडले, टेबलावर थेंब सांडले. तेल संपत आलं तशी ती कॅनच्या तळाशी चिकटलेलंसुद्धा खरवडून घेऊ लागली.

एकवीस नोव्हेंबरला नवीन अहवाल गेला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आधीचा अहवाल चुकीचा आहे, नमुना नीट ढवळून घेतला नव्हता, आणि तीस भाग सोडले तर लाइन तुंबेल. पंधराच्या वर जाऊ नका. कंपनीने पंधराच सोडले. लाइन तुंबली नाही. जी तुंबली नाही त्या लाइनबद्दल आभाराचं पत्र कोण पाठवतो? नाहीच आलं.

प्रबंध मात्र मागे पडला. एका कॅनवर तीन धडे उभे राहत नाहीत. कंपनीकडून पुन्हा तेल मागवायला पत्रं लिहिण्यात उन्हाळा गेला, पावसाळ्यात ते आलं. मार्चला शिष्यवृत्ती संपली तेव्हा हर्षाली मंचरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायला लागली. आठवड्याचे चार दिवस मंचर, दोन दिवस पुणे. एसटीत उभ्याने तिने समीकरणं तपासली. ओळखीचे लोक विचारायचे, अजून झालं नाही का गं? ती म्हणायची, व्हतंय. आणि दात आवळून पुढचं पान काढायची.

दोन हजार पाचच्या जानेवारीत प्रबंध पुरा झाला. सरांनी तो वाचला आणि एका पानावर थांबले. तिथे दोन तक्ते शेजारी शेजारी होते. डावीकडे वर्षभराची चुकीची मोजणी, उजवीकडे खरी. खाली लिहिलं होतं, चूक कशी झाली.

"हे पान कशाला?" सर म्हणाले. "बाहेरचे परीक्षक नागपूरचे आहेत, फार कडक. हे बघून म्हणतील, हिला नमुना घेता येत नाही, डिग्री कशाची देता? काढून टाक. खरा तक्ता पुरेसा आहे."

"नाही सर, राहू दे."

"हर्षाली, पाच वर्षं गेली तुझी."

"त्यातलं एक वर्ष त्या डावीकडच्या तक्त्यात गेलंय. ते कसं काढू?"

प्रबंधाच्या जाहीर मुलाखतीला कोणीही येऊ शकतं. म्हणून कुंडलिकभाऊ आणि सरूबाई पहाटेच्या गाडीने पुण्याला आले. कुंडलिकभाऊंनी परीटघडीची टोपी घातली होती. त्यांना इंग्रजी येत होतं ते फक्त पार्टच्या खोक्यांवरचं. सभागृहात शेवटच्या रांगेत बसून ते लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. शब्द कळत नव्हते, पण कोण कुणाला पेचात धरतंय हे माणसाला न कळता कळतं. नागपूरचे परीक्षक एकामागून एक प्रश्न टाकत होते आणि हर्षाली एकेकाला उत्तर देत होती. मग ते त्या पानावर आले. पान उलटून पाहिलं, पुन्हा सरळ केलं, आणि चिडून इंग्रजी सोडून सरळ मराठीत बोलले.

"बाई, हे काय आहे? कॅन हलवून नमुना घ्यायचा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. तुम्ही वर्षभर तो टेकवून ठेवून वरचं वरचं काढलंत? ही सवय तुम्हाला कुणी लावली?"

सर खाली बघत होते. आणि शेवटच्या रांगेत खुर्ची वाजली. कुंडलिकभाऊ टोपी हातात घेऊन उभे राहिले होते.

"साहेब, ती सवय माझी हाय," ते म्हणाले. "मी डिझेलचे पंप दुरुस्त करतो फाट्यावर. कॅन हलवायचा न्हाई, तळाचं घ्यायचं न्हाई, हे मीच शिकिवलं तिला ल्हानपणी. माझ्यामुळं झालंय. तिचं काय वाईट करू नगा."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. कुणीतरी हसलं. हर्षालीने बापाकडे बघितलं, त्या हातातल्या टोपीकडे बघितलं. या सभागृहात पाच वर्षं तिने घरची बोली तोंडातून येऊ दिली नव्हती.

"नाना, खाली बसा," ती म्हणाली. "तुमची सवय काय वाईट न्हाई. डिझेलला ती बरोबरच हाय, उद्या मी दुकानात बसले तर तसंच करंन. पण हातात डिझेल न्हाई, कच्चं तेल हाय, हे बघायचं काम माझं व्हतं. मी बघितलं न्हाई. चूक माझी हाय, नाना. ती मला कुणाला द्यायची न्हाई."

मग ती परीक्षकांकडे वळली आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली, "सर, सवय कुणी लावली हा प्रश्न नाही. मी तपासली नाही. पुढच्याने तपासावी म्हणून ते पान ठेवलंय."

कुंडलिकभाऊ खाली बसले. सरूबाईंनी त्यांच्या हातातली टोपी घेऊन पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवली. नागपूरच्या परीक्षकांनी ते पान आणखी एकदा वाचलं, प्रबंध मिटला आणि सरांना म्हणाले, "माझे प्रश्न संपले. सही कुठे करायची?"